मी डॉक्टर होणार असल्याची बातमी

मला डॉक्टर व्हायचं नाही. कधीच व्हायचं नव्हतं. हे वाक्य मी या उन्हाळ्यात पोस्टातल्या बाईंना, खाटकाला, आमच्या चर्चच्या फादर डेव्हिटना आणि पेट्रोल पंपावर चाकात हवा भरत असलेल्या एका पूर्ण अनोळखी माणसाला सांगितलं आहे. प्रत्येकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "बरोबर आहे, निकाल लागेपर्यंत असंच म्हणायचं असतं," असा दिलासा दिला. त्या अनोळखी माणसाने वर तपासायला म्हणून स्वतःची जीभ काढून दाखवली.

माझं वय एकाहत्तर. नोकरी केली ती कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ग्रंथालयात, तीही मागच्या खोलीत, जिथे वाचक येत नाहीत. कुठलं पुस्तक कुठल्या विषयाखाली जातं हे ठरवून त्याच्या पाठीवर आकडा चिकटवायचा, एवढंच काम. त्यातही माझा निर्णय लवकर होत नसे. मधमाशा पाळण्यावरचं एक पुस्तक शेतीत ठेवावं की प्राण्यांत, या विचारापायी सबंध हिवाळा माझ्या टेबलावर पडून राहिलं होतं. अशा माणसाकडे कुणी मत मागू नये. पण माझ्या मुलीने मागितलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

मुलगी एडीन. आमच्या गावाबाहेरच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते. एकोणतिसाव्या वर्षी तिच्या मनाने घेतलं की आता माणसं तपासायची. आधीची एक पदवी असलेल्यांना चार वर्षांत डॉक्टर करणारा एक अभ्यासक्रम आपल्याकडे असतो. त्याला वयाची अट नाही. हे शेवटचं वाक्य कृपया लक्षात ठेवा, कारण माझा घात त्यानेच केला. त्याची अवघड प्रवेशपरीक्षा तिला चांगली गेली होती. राहिलं होतं ते एवढंच की तीन कॉलेजांना पसंतीक्रम द्यायचा. पहिलं ज्याला म्हणाल आणि तिथे गुण पुरले, की ते तुमचं. मग पुढली चार वर्षं तिथेच. पसंतीक्रम जुलै उजाडेपर्यंत बदलता येतो, म्हणजे काळजी करायला भरपूर मुदत होती.

"प्रत्येक ठिकाणी कॉलेज दाखवायचा ओपन डे असतो, तो बघू आणि मग ठरवू," एडीन म्हणाली. "बाबा, तूही चल. तुझं मत मला हवंय."

त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. उद्या मी म्हणालो अमुक कॉलेज, आणि ते चुकीचं निघालं, तर पोरीचं आयुष्य मी चुकीच्या कपाटात ठेवल्यासारखं होईल.

आमचे शेजारी पॅकी गिलहूली यांना असली भीती कधी शिवलेली नाही. ते निवृत्त बस ड्रायव्हर आहेत आणि देशातली सगळी कॉलेजं त्यांनी बाहेरून पाहिलेली आहेत.

"राजधानीतलं नको," ते कुंपणावरून म्हणाले. "तिथे बस उभी करायला जागा नाही."

"ती बस घेऊन जाणार नाहीये, पॅकी," माझी बायको कॉन्सेप्टा कपडे वाळत घालता घालता म्हणाली.

"आज नाही. पण उद्याचं कोणी सांगावं? आणि दक्षिणेकडचं तर मुळीच नको. माझ्या चुलतभावाचं पित्ताशय तिथल्याच एका डॉक्टरने काढलं."

"मग? काय झालं त्याला?"

"त्याला काही नाही झालं. ठणठणीत आहे. पण त्याने पैसे उसने घेतले होते माझ्याकडून, आणि मी आपला आशेवर होतो की मरताना तरी विषय काढील."

पहिल्या दोन ओपन डेला आम्ही तिघंही गेलो. राजधानीतल्या कॉलेजात कॉन्सेप्टाने एका प्राध्यापकाला वसतिगृहातल्या खोल्या गरम ठेवणारे रेडिएटर किती वाजता बंद होतात ते विचारलं, आणि उत्तर ऐकून तिच्या दृष्टीने ते कॉलेज संपलं. मी एका काचेच्या कपाटातल्या बरणीत काय आहे ते वाकून बघितलं आणि उरलेला दिवस छताकडे बघत काढला. दुसरं कॉलेज आमच्या पश्चिमेकडचं, घरापासून तासाभरावर. तिथे मला सगळंच आवडलं. इमारत साधी, चहा गरम, आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गावाला येणारी बस फाटकातूनच सुटते. मी काही बोललो नाही. पण त्या बसचं वेळापत्रक मात्र खिशात घालून आलो.

एडीनचं मन होतं दक्षिणेकडच्या तिसऱ्या कॉलेजात. ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे म्हणे व्याख्यानं कमी. पाचसात जणांचा गट करून पहिल्या दिवसापासून एखाद्या पेशंटची हकिगत समोर ठेवतात आणि त्यावरून सगळं शिकवतात. पण त्यांचा ओपन डे आला मे महिन्यातल्या शनिवारी. मे महिन्यात आपल्याकडे गाईंना दुधाचा पूर आलेला असतो. डेअरीत कुणालाही सुट्टी नव्हती. चर्चमध्ये फुलं सजवायची पाळी त्या आठवड्यात कॉन्सेप्टाची होती.

"बाबा, तू जाऊन येशील?" एडीन म्हणाली. "फार काही नको. तिथली माणसं कशी आहेत तेवढं बघून ये."

माणसं कशी आहेत ते बघायला मला पाठवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्याची खोली मोजायला पाठवण्यासारखं होतं. पण नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतं. मी गेलो.

त्या कॉलेजचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथली माणसं फार चांगली होती आणि झालं त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. दारात टेबलामागे क्लीओना नावाची एक विद्यार्थिनी बसली होती. तिच्यापुढे दोन प्रकारचे चिकटवायचे बिल्ले होते. हिरवे अर्जदारांसाठी, पिवळे सोबत आलेल्या घरच्यांसाठी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या बुटांकडे पाहिलं. तिचा हात पिवळ्याकडे गेला, हवेत थांबला, आणि मग अगदी ठामपणे हिरव्याकडे वळला.

हे असं का झालं ते मला नंतर कळलं. आदल्या वर्षी एका पन्नाशीच्या अर्जदाराला कुणीतरी पिवळा बिल्ला दिला होता. ते गृहस्थ दुखावले, तक्रार झाली, आणि वयावरून माणसाबद्दल अंदाज बांधू नये यावर सगळ्यांना एक अख्खी दुपार शिकवणी घ्यावी लागली. क्लीओना ती शिकवणी मन लावून शिकली होती.

"नाव?" तिने विचारलं.

"मॅलकी टिअर्नन. पण मी—"

"वा, काय छान नाव आहे." तिने ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि शेवटच्या अक्षराला एक शेपूट काढलं. आता मला सांगा, एवढ्या मनापासून काढलेल्या शेपटाचा अपमान कसा करायचा? त्या मुलीला खाली बघायला लावण्यापेक्षा दिवसभर अर्जदार म्हणून फिरणं मला सोपं वाटलं. आमच्याकडे समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून माणसं चुकीच्या मयतीत शेवटपर्यंत बसून येतात. मी स्वतः एकदा बसलो आहे, नंतर देतात ते सँडविचसुद्धा खाल्लं आहे.

पिवळे बिल्ले चहा आणि स्कोनकडे, म्हणजे लोणी लावलेल्या गोडसर पावांकडे, गेले. तिकडून येणारा लोण्याचा वास मागे टाकून हिरवे बिल्ले हात धुवायला गेले. माझ्या गटात सहा जण होते. बाकीच्यांतल्या तिघांची वयं एकत्र केली असती तर जेमतेम माझ्याएवढी झाली असती. आमच्यावर डॉ. नूला हॅनराटी होत्या. पिकलेल्या केसांच्या, धारदार नजरेच्या बाई. मी त्यांच्या नजरेतून निसटायला एका जाड मुलामागे उभा राहिलो. तो मुलगा दर वेळी आदराने बाजूला सरकून मला पुढे जागा देत होता.

त्यांनी एक हकिगत वाचून दाखवली. एक म्हातारा, शेतकरी, रोज सकाळी चक्कर येते, डॉक्टरकडे जायला घाबरतो. मग त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला काय माहीत आहे ते सांगू नका. काय माहीत नाही ते सांगा."

पाच तरुण माणसं आपापल्या वहीत बघू लागली. परीक्षा पास होऊन आलेली माणसं ती, त्यांना सगळं माहीत होतं. डॉ. हॅनराटींची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली.

"मॅलकी?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"काय माहीत नाही?"

माझे कान तापले. पण खरं सांगायला हरकत नव्हती. "चक्कर म्हणजे त्याच्या मते काय ते मला माहीत नाही. काही लोक पोटात कालवलं तरी चक्कर म्हणतात. तो न्याहारी करतो का ते माहीत नाही. घरात त्याला विचारणारं कुणी आहे का ते माहीत नाही. आणि घाबरतो तो डॉक्टरला, की डॉक्टर जे सांगेल त्याला, हेही मला माहीत नाही."

थांबता येईना. पन्नास वर्षांचा साठा होता. डॉ. हॅनराटींनी खडू खाली ठेवला आणि त्या गटाकडे वळल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "आम्ही पहिलं वर्ष हेच शिकवण्यात घालवतो."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अज्ञानाचं कुणी जाहीर कौतुक केलं. मला ते आवडलं. हे कबूल करताना लाज वाटते, पण जेमतेम अर्धा तास मला ते फार आवडलं.

पुढे रक्त काढायचा सराव होता. प्लास्टिकचा हात, त्यात लाल पाणी. जाड मुलाने सुई टोचली, लाल पाणी नळीत चढलं, आणि मी शांतपणे जमिनीवर बसलो. नंतर आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा माझे पाय एका खुर्चीवर होते आणि डॉ. हॅनराटी माझी नाडी धरून सांगत होत्या, "आमचे सर्वांत चांगले सर्जन पहिल्या दिवशी पडलेले आहेत." मी आता नक्की सांगणार होतो. तेवढ्यात कॉलेजचा फोटोग्राफर आला. प्लास्टिकचा हात माझ्या हातात देण्यात आला, आणि माझा पत्ता आणि जुनी नोकरी लिहून घेण्यात आली. मी पांढराफटक होतो, आणि फोटोत ते निर्धारासारखं दिसतं.

घरी आल्यावर एडीनने विचारलं, "कशी आहेत माणसं?"

"चांगली आहेत," मी म्हणालो. "सबंध दिवस मी चुकीचा होतो, आणि कुणी मला ते जाणवू दिलं नाही." गटाची हकिगतही सांगितली. फक्त बिल्ल्याचं सांगितलं नाही, पडलो तेही नाही. एडीनचे डोळे चमकत होते. त्याच संध्याकाळी तिने दक्षिणेकडचं कॉलेज पहिलं लिहिलं. मी बसचं वेळापत्रक खिशातून काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि तिला शाबास म्हणालो.

गुरुवारी आमचं साप्ताहिक आलं. त्या कॉलेजची अशी रीत की ज्याच्या त्याच्या कौंटीतल्या वर्तमानपत्राला फोटो पाठवून द्यायचे. मी दुसऱ्या पानावर होतो, बैलांच्या बाजारभावाच्या वर. प्लास्टिकचा हात छातीशी धरलेला. खाली लिहिलं होतं: शिकायला वय लागत नाही. निवृत्त ग्रंथालय कर्मचारी मॅलकी टिअर्नन यांची वैद्यकीय शिक्षणाकडे झेप.

कॉन्सेप्टाने ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅलकी, तू मला काही सांगायचं विसरलायस का?"

मी सगळं सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. ती म्हणाली, "एका पोरीने नावाला शेपूट काढलं म्हणून तू डॉक्टर झालास. बरं झालं तिथे कुणी फाशीची यादी लिहीत नव्हतं." आणि बटाटे सोलायला निघून गेली. ते मला जास्त लागलं.

रविवारी फादर डेव्हिटनी वेदीवरून आधी मृतांची, मग आजाऱ्यांची नावं घेतली आणि मग माझं. "आपल्यातला एक माणूस," ते म्हणाले, "ज्या वयात आपण गुडघे सांभाळतो, त्या वयात इतरांचे गुडघे सांभाळायला निघाला आहे." चर्चमध्ये टाळ्या वाजल्या. मी उभं राहून खुलासा करायला हवा होता. पण प्रार्थनेत व्यत्यय कसा आणायचा? मी खाली वाकलो, आणि लोकांना वाटलं मी नम्र आहे.

बाहेर पोर्चमध्ये पॅकी गिलहूली पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून उभे होते.

"नुसता बघ," ते म्हणाले. "हात लावायची घाई नाही. तू अजून पहिल्या वर्षाला आहेस."

"पॅकी, मी कुठल्याच वर्षाला नाही. तुम्ही डॉक्टरला दाखवा."

"हे बघा," पॅकी जमलेल्यांना म्हणाले, "किती जबाबदारीने बोलतो. नवीन डॉक्टर लगेच गोळ्या लिहितात."

त्या आठवड्यात माझ्या दारात लोक येऊ लागले. प्रत्येकाला मी एकच सांगितलं, डॉक्टरला दाखवा, आणि माझी कीर्ती वाढत गेली. कुणी तरी माझ्या भरवशावर खऱ्या डॉक्टरकडे गेलंच नाही तर, या भीतीने मी पडदे ओढून स्वयंपाकघरात पुस्तक वाचत बसू लागलो. फक्त औषधाच्या दुकानातल्या बाई माझ्या बाजूच्या होत्या, पण त्यांचा आधार घेण्यासारखा नव्हता. "होऊ द्या हो त्याला डॉक्टर," त्या म्हणाल्या होत्या म्हणे, "स्वतःच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला अगदी वेळेत पास होईल."

माझी फजिती मी सोसली असती. पण एडीन गप्प झाली होती. बातमी वाचून आधी ती इतकी हसली होती की तिला जिन्यावर बसावं लागलं. मग दोन दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "मी क्रम बदलला. पश्चिमेकडचं पहिलं केलं."

"का गं?" कॉन्सेप्टाने विचारलं.

"बरं आहे ते. जवळ आहे. शुक्रवारी बस आहे." तिने बटाटा बाजूला सारला. "आणि दक्षिणेकडे जाऊन मी काय सांगू? त्यांना बाबा आवडलाय. एका दिवसात. मी गेले आणि नाही आवडले तर? मला तर तिथे बसून काहीतरी माहीत असल्यासारखं दाखवावं लागेल. परीक्षेत मला इतके गुण कसे मिळाले हेच मला कळलेलं नाही. कधीतरी त्यांच्या लक्षात येईलच."

तिचा तो आवाज मी ओळखला. तो माझाच होता. नाक तिने आईचं घेतलं, हसणं आईचं घेतलं, आणि माझ्याकडून नेमकं हे घेतलं.

पश्चिमेकडचं पहिलं म्हणजे दर शुक्रवारी ती घरी. मी मनातल्या मनात जे मागितलं होतं ते मला मिळालं होतं, तेही एक शब्द न बोलता. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्या कामात माझा हात धरणारा कौंटीत कुणी नाही. कॉन्सेप्टा माझ्याकडे बघत राहिली. तिला माझ्या ड्रॉवरमधलं वेळापत्रक माहीत होतं.

"फोन कर," ती म्हणाली. "त्या कॉलेजला. खरं काय ते सांग. निदान पोरीच्या वाटेतून तुझा तो फोटो तरी काढ."

मला फोनची भीती वाटते. तरी केला. पलीकडे एक अतिशय सौम्य तरुण होता.

"मी तुमचा अर्जदार नाही," मी म्हणालो.

"अर्जांबद्दल आम्ही फक्त अर्जदाराशीच बोलू शकतो, सर. नियम आहे."

"बरोबर. आणि मी अर्जदार नाही, एवढंच मला तुमच्याकडे नोंदवायचं आहे."

"तुम्ही अर्जदार नसाल तर तुमच्या अर्जाबद्दल मला तुमच्याशी बोलता येणार नाही."

"माझा अर्जच नाही."

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, सर. खासगी माहिती आहे."

"पण ती माझीच माहिती आहे."

"तुम्ही अर्जदार असाल तर," तो म्हणाला. मग थोडा थांबून त्याने आवाज खाली आणला. "सर, तुम्ही वर्तमानपत्रातले मॅलकी टिअर्नन का? आमच्या ऑफिसात तुमचा फोटो लावलाय. हिंमत सोडू नका."

चार दिवसांनी माझ्याच नावाने पत्र आलं. पसंतीक्रम बंद होण्याआधी अर्जदारांसाठी आणखी एक दिवस ठेवला आहे, घरच्यांनाही आणा, जेवण आहे. कॉन्सेप्टाने ते फ्रिजवर लावलं. "आता तोंडाने सांगून ये," ती म्हणाली. "आणि एडीनला घेऊन जा."

एडीन यायला तयार नव्हती. "तुझं निस्तरायला येते," ती शेवटी म्हणाली. "कॉलेज बघायला नाही." आगगाडीत सबंध वेळ मी वाक्य घोकत होतो. मी अर्जदार नाही, माझी मुलगी आहे. साधं वाक्य होतं. दर स्टेशनला ते आणखी अवघड होत गेलं.

दारात पुन्हा क्लीओना. तिच्या मागे भिंतीवरच्या पोस्टरवर, माणसाच्या उंचीएवढा मी, प्लास्टिकच्या हातासकट.

"मॅलकी," ती म्हणाली, आणि माझा बिल्ला आधीच तयार होता, शेपटासकट. मग तिने एडीनकडे पाहून गोड हसत पिवळा उचलला. "वडिलांबरोबर आलात ना? किती छान. त्यांना आधाराची फार गरज असते."

मी एडीनकडे पाहिलं. आता ती बोलेल. ती तोंड उघडून उभी राहिली, लाल झाली, आणि म्हणाली, "थँक यू." तिने तो पिवळा बिल्ला कोटावर लावला आणि घरच्या मंडळींबरोबर स्कोन खायला चालू लागली. एकदा मागे वळून तिने माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. झालं तर मग, असं तिला म्हणायचं होतं.

मला तोपर्यंत बिल्ल्याची भीती वाटत होती, फोनची, रक्ताची, पॅकींच्या गुडघ्याची. तिचे ते उडवलेले खांदे बघून जी भीती वाटली तिच्यापुढे या सगळ्या खेळण्यातल्या होत्या.

सभागृहात हिरव्या बिल्ल्यांची गर्दी होती. डॉ. हॅनराटी व्यासपीठावर. "काही विचारायचं आहे?" त्या म्हणाल्या. मी हात वर केला. तो माझाच हात आहे याची खात्री करायला मी वर पाहिलं.

"मॅलकी, बोला."

मी उभा राहिलो. "मी खरा अर्जदार नाही," मी म्हणालो. "मी चुकून इथे आलोय. मला काही येत नाही. इतके दिवस तुम्हाला फसवल्यासारखं झालं, त्याबद्दल माफी मागतो."

डॉ. हॅनराटींनी चष्मा काढला.

"थँक यू, मॅलकी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा भरून आला होता. "तुमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात आत्ता हेच आहे. आपण तोतये आहोत, आपली लायकी नाही, आज ना उद्या पकडले जाऊ. ते बोलून दाखवायचं धैर्य फक्त यांनी केलं. या भावनेवर दुपारी एक स्वतंत्र व्याख्यान आहे."

टाळ्या सुरू झाल्या.

"नाही, मी खरंच नाहीये," मी म्हणालो.

टाळ्या वाढल्या. मागच्या रांगेत एक मुलगी डोळे पुसत होती.

"मी ग्रंथालयात होतो," मी ओरडलो. "मी ओपन डेला मुलीच्या ऐवजी आलो होतो."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माझ्या लक्षात आलं की शब्दांनी आता काही होणार नाही. एक तर मी शब्द आयुष्यभर वापरले नव्हते, आणि वापरले तेव्हा ते असे वागले. मी रांगेतून बाहेर पडलो, लोकांच्या पायांना लागत, माफ करा माफ करा म्हणत, आणि चहाच्या खोलीत गेलो. एडीन एका बाईंना डेअरीबद्दल सांगत होती. मी तिची बाही धरली.

"बाबा? काय झालं? पडलास का पुन्हा?"

म्हणजे तेही तिला माहीत होतं. तिला तशीच ओढत सभागृहात आणलं, हातात अर्धा स्कोन, आणि सगळ्यांसमोर उभं केलं. माझ्या कोटावरचा हिरवा बिल्ला मी काढायला गेलो, तर तो निघेना. नखाने खरवडून काढला. अर्धं नाव आणि शेपूट माझ्याच कोटावर राहिलं. उरलेला तुकडा मी तिच्या पिवळ्या बिल्ल्यावर चिकटवला आणि तळहाताने दाबून धरला, कारण तो गळायला लागला होता.

टाळ्या थांबल्या. डॉ. हॅनराटी तिच्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"अर्ज कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

मी काही बोललो नाही. आता माझी पाळी नव्हती. एडीनने स्कोन गिळला.

"माझा," ती म्हणाली. आवाज फार बारीक होता, पण शांततेत पोचला. "बाबा अर्जदार नाही. मी दूध तपासते. आणि आपण तोतये आहोत, कधीतरी पकडले जाऊ, असं मला सारखं वाटतं. पण मला यायचंय इथे."

"दुधात काय बघता?" डॉ. हॅनराटींनी विचारलं.

"सोमॅटिक पेशी. जंतू. गाईला कासेचा दाह आहे का ते दुधावरून कळतं. पण कुठली गाय आणि का, ते दुधावरून कळत नाही. त्यासाठी शेतात जाऊन विचारावं लागतं. ते मला करू देत नाहीत."

डॉ. हॅनराटींनी पहिल्या रांगेतली खुर्ची दाखवली आणि एडीन तिथे बसली. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मॅलकी, मला वाईट वाटतंय. माहीत नाही म्हणणारी माणसं फार थोडी मिळतात." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मला चहाच्या खोलीत नेण्यात आलं. क्लीओनाने माझ्या कोटावर पिवळा बिल्ला लावला, या वेळी न बोलता, आणि त्यावर नाव लिहिलं नाही. हे मात्र मला जरा लागलं.

परतीच्या गाडीत एडीन खिडकीशी बसली. गाडी सुटल्यावर तिने फोन काढला आणि पसंतीक्रम उघडला. बोट पडद्यावर धरून ती बराच वेळ बसली.

"भीती वाटते रे, बाबा," ती म्हणाली.

"मलाही," मी म्हणालो.

"तुला कसली? तुझं झालं की आता." तिने बोट टेकवलं, दक्षिणेकडचं कॉलेज वर नेलं, आणि फोन बंद करून खिशात टाकला. "तू तिथे उभा राहून बोललास. तू. मग मला काय होणार आहे तिथे?" ती हसली, अगदी तिच्या आईसारखी, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली.

आयुष्यात एकदाच मी चार लोकांसमोर तोंड उघडलं, आणि पोरीला घरापासून जास्तीत जास्त लांब पाठवून दिलं. खांदा हलू नये म्हणून मी पुस्तक काढलं नाही. बाहेर स्टेशनं जात होती. प्रत्येक पाटी दिसली की वाटे, आता गाव आलंच, आणि गाव येतच नव्हतं.